जगभाषेच्या अभ्यासाला बोलींचाच पाया

युरोपातल्या विद्यापीठांत जर्मॅनिक बोलींवर परिषदा भरतात, तशाच ‘इंग्रजी : एक जगभाषा’ या विषयावरही भरतात. या दोन्ही सभांबद्दल दोन आक्षेप वारंवार ऐकू येतात. पहिला व्यवहारवाद्यांचा : इंग्रजी जिंकली आहे, बोली अखेरच्या घटका मोजत आहेत, मग राइनकाठच्या चार खेड्यांतल्या उच्चारांवर विद्वानांनी वेळ आणि सरकारांनी पैसा का घालवावा? दुसरा भाषाप्रेमींचा : बोलींच्या मुळावर इंग्रजीच आली आहे, तेव्हा बोलींच्या अभ्यासकांनी जगभाषेच्या अभ्यासकांच्या पंक्तीला बसणे म्हणजे शत्रूशी हातमिळवणी. हे दोन पक्ष एकमेकांना पाण्यात पाहतात, पण दोघांचे गृहीतक एकच आहे. बोली ही जुनाट, बंदिस्त गोष्ट आणि जगभाषा ही तिच्यापेक्षा वेगळ्या जातीची, असे दोघेही धरून चालतात. हे गृहीतकच चुकीचे आहे.

आधी व्यवहारवाद्यांचा आक्षेप पाहू. 1876 मध्ये गेओर्ग व्हेंकर या तरुण अभ्यासकाने ड्युसेलडॉर्फहून राइनलँडमधल्या शाळामास्तरांना 42 साधी वाक्ये पाठवली. हिवाळ्यात वाळकी पाने हवेत उडतात, अशा धर्तीची ही वाक्ये. ‘तुमच्या गावात हे जसे बोलतात तसेच लिहून पाठवा,’ एवढीच विनंती. पुढे वाक्ये 40 वर स्थिरावली आणि प्रश्नावली चाळीस हजारांहून अधिक शाळांपर्यंत पोचली. त्या उत्तरांतून मारबुर्ग येथे जर्मन भाषेचा नकाशासंग्रह उभा राहिला. बोलींच्या सीमा नकाशावर रेखीव उमटतील, अशी व्हेंकरची अपेक्षा होती. त्याच सुमारास लाइपझिगचे पंडित ठासून सांगत होते की ध्वनिनियमांना अपवाद नसतो. नियम असा असेल तर ‘क’चा ‘ख’सारखा उच्चार होणे आणि त्यासारखे इतर व्यंजनबदल यांची रेषा सगळ्या शब्दांसाठी एकच यायला हवी. प्रत्यक्षात राइनपाशी येताच रेषा पंख्यासारख्या फाकल्या. ‘मी’ या अर्थाच्या शब्दाची रेषा युअरडिंगेनपाशी, ‘करणे’ या अर्थाच्या शब्दाची बेनराटपाशी, ‘गाव’ आणि ‘ते’ यांच्या रेषा आणखी दक्षिणेला. पुढच्या पिढीत टेओडोर फ्रिंग्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले की या रेषा कोलोन आणि ट्रिअरच्या आर्चबिशपांच्या जुन्या राज्यसीमांशी मिळत्याजुळत्या आहेत. लोक कोणत्या बाजाराला जातात, कोणाला कर भरतात, कोठे सोयरीक करतात, यावर उच्चार कोठवर पोचतो हे ठरते.

हे ज्ञान प्रमाणभाषेच्या व्याकरणातून मिळाले नसते. भाषा बदलते कशी, या प्रश्नाचे उत्तर खेड्यातल्या मास्तरांनी पाठवलेल्या कागदांत होते. ज्यांना हा उद्योग निरुपयोगी वाटतो, त्यांना भाषाशास्त्रच निरुपयोगी म्हणावे लागेल.

आता दुसरा आक्षेप. इंग्रजीने जर्मॅनिक बोली गिळल्या, हे विधान भावनेला पटते, पण इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. उत्तर जर्मनीच्या लो जर्मनचेच उदाहरण घ्या. हान्सा व्यापारीसंघाच्या भरभराटीच्या काळात ल्युबेकपासून पूर्वेकडच्या बाल्टिक किनाऱ्यापर्यंत व्यवहाराची आणि दप्तराची भाषा हीच होती. सोळाव्या-सतराव्या शतकांत उत्तरेकडच्या शहरांची दप्तरे एकामागून एक हाय जर्मनमध्ये, म्हणजे प्रमाण जर्मनमध्ये, गेली. मग चर्च, मग शाळा. विसाव्या शतकात आईबापांनीच मुलांशी ती बोलणे सोडले, कारण तिने मुलाचे शाळेत नुकसान होईल अशी भीती त्यांच्या मनात घातली गेली होती. या सगळ्यात इंग्रजी कोठे आहे? लो जर्मनला घरातून हुसकावले ते देशातल्याच प्रमाणभाषेच्या प्रतिष्ठेने आणि शाळेने शिकवलेल्या लाजेने. प्रादेशिक आणि अल्पसंख्याक भाषांच्या युरोपीय सनदेखाली 1999 पासून जर्मनीत तिला संरक्षण आहे, पण तोवर कित्येक घरांतली साखळी तुटली होती. इंग्रजीवर खापर फोडणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय.

या पक्षाच्या म्हणण्यात एक खरा अंश आहे, तो नाकारू नये. नॉर्डिक देशांच्या विद्यापीठांत शोधनिबंध आणि अनेक उच्च अभ्यासक्रम इंग्रजीत गेले आहेत, आणि डॅनिश, स्वीडिश, नॉर्वेजियन यांच्या हातून ज्ञानाची काही क्षेत्रे निसटत आहेत. ही चिंता रास्त आहे. पण त्यावर या देशांनी इंग्रजीला दार बंद केले नाही. 2006 च्या नॉर्डिक भाषाधोरणाच्या जाहीरनाम्यात त्यांनी इंग्रजी आणि देशी भाषा समांतर वापरण्याचा मार्ग धरला. शिवाय तिथली झीज विद्यापीठातल्या प्रमाणभाषेची आहे. स्वयंपाकघरातल्या बोलीची नाही.

बोली जपली तर मूल जगाच्या मागे पडते, ही भीतीही नॉर्वेने खोटी पाडली आहे. ईव्हार ओसेन या शेतकऱ्याच्या मुलाने 1842 ते 1846 या काळात देशभर फिरून बोली गोळा केल्या आणि त्यांच्या पायावर एक लेखनभाषा उभी केली. 1878 मध्ये नॉर्वेच्या संसदेने ठराव केला की शाळेत शिकवणे शक्यतो मुलांच्या स्वतःच्या बोलण्यात व्हावे. आज तिथला मंत्री संसदेत आपल्या खोऱ्यातली बोली बोलतो आणि त्याबद्दल कोणी नाक मुरडत नाही. इंग्रजी उत्तम येणाऱ्या देशांत याच देशाची गणना होते. जर्मनभाषक स्वित्झर्लंडमध्ये प्राध्यापकही घरी आणि रस्त्यावर बोलीच बोलतो. लक्झेंबर्गने तर मोझेलकाठच्या एका फ्रँकोनियन बोलीला 1984 मध्ये कायद्याने राष्ट्रभाषा केले.

जगभाषेच्या सभांमध्येही एक वाद गाजला, त्याचीही दखल घेतली पाहिजे. 1984 मध्ये लंडनच्या परिषदेत भाषाशास्त्रज्ञ रँडॉल्फ क्वर्क यांनी जगभर इंग्रजीचे एकच प्रमाण हवे असे प्रतिपादन केले. श्रीनगरला जन्मलेल्या ब्रज कचरू यांनी तिथेच इंग्रजीची तीन वर्तुळे (ती मातृभाषा असलेले देश, दुसरी भाषा म्हणून रुजलेले देश आणि परकी भाषा म्हणून शिकणारे देश) मांडली आणि भारत, नायजेरिया, सिंगापूर यांची इंग्रजी स्वतःच्या नियमांनी चालते असे म्हटले. 1990-91 मध्ये हा वाद पुन्हा पेटला. क्वर्क यांचा मुद्दा क्षुद्र नव्हता. गरीब देशातल्या मुलाला प्रमाण इंग्रजी न शिकवणे म्हणजे त्याची फसवणूक, असे त्यांना मनापासून वाटत होते. प्रमाण शिकवा, याबद्दल दुमत नाहीच. पण प्रमाणाबाहेरचे सारे म्हणजे अर्धवट शिकल्याची खूण, हा निष्कर्ष इंग्लंडच्याच भूमीवर टिकत नाही.

नॉरिच शहराकडे पाहा. ‘ही गोज’ऐवजी ‘ही गो’ म्हणणे ही आपल्याकडे हटकून लाल शाईने खोडली जाणारी चूक. पण ईस्ट अँग्लियाच्या बोलीत पिढ्यान्‌पिढ्या असेच बोलत आले आहेत, आणि तेथे कोणी परदेशी नाही. त्याच शहरात जन्मलेल्या भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांनी याची उपपत्ती मांडली आहे. 1565 पासून नेदरलँड्समधले डच आणि फ्रेंच बोलणारे विणकर नॉरिचला आले. काही वर्षांतच शहराच्या लोकसंख्येत ते एक तृतीयांशाच्या आसपास पोचले. त्या काळी इंग्रजीत या जागी ‘-एथ’ आणि ‘-एस’ या दोन प्रत्ययांची चढाओढ चालू होती. परभाषकांच्या तोंडी प्रत्ययाविना रूप आले आणि त्या चढाओढीत तेच गावकऱ्यांच्या तोंडी बसले. आता व्हिएन्नाला येऊ. तेथे बार्बरा झाइडलहोफर यांच्या पुढाकाराने परभाषकांमधल्या प्रत्यक्ष इंग्रजी संभाषणांचा दहा लाख शब्दांचा संग्रह तयार झाला. त्यातही हा प्रत्यय गळलेला आढळतो. सोळाव्या शतकातल्या नॉरिचच्या बाजारात जे घडले असावे, तेच आज विमानतळावर आणि कंपन्यांच्या बैठकांत घडते आहे. ज्याने नॉरिचची बोली अभ्यासली, त्यालाच जगभाषेतला हा बदल कळतो. ज्याने ती हसण्यावारी नेली, त्याला त्यात फक्त चुका दिसतात.

म्हणून माझे मंडन असे : बोलींचा अभ्यास आणि जगभाषेचा अभ्यास ही एकच विद्या आहे. मुळात इंग्रजी ही उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावरून आलेल्या अँगल, सॅक्सन आणि जूट टोळ्यांच्या बोलींतून घडली. तिचा बोलीकोश सहा खंडांत 1898 ते 1905 मध्ये सिद्ध करणारा जोसेफ राइट हा यॉर्कशरच्या गिरणीत राबलेला, पंधराव्या वर्षापर्यंत निरक्षर असलेला मुलगा होता. हायडेलबर्गला डॉक्टरेट मिळवून तो ऑक्सफर्डचा प्राध्यापक झाला आणि आपल्या विंडहिल खेड्याच्या बोलीचे व्याकरण त्याने अभिमानाने लिहिले. पुढे इंग्लंडच्या 313 गावांची बोलीपाहणी आखली ती लीड्सच्या हॅरोल्ड ऑर्टन यांनी, झ्युरिकच्या ऑयगेन डीट यांच्या जोडीने. हेच डीट स्विस जर्मन बोलींची लेखनपद्धती घडवणारे. एकाच माणसाने आपल्या डोंगरातली बोली आणि जगभाषेच्या बोली दोन्ही हाताळल्या, आणि दोन्हींना न्याय दिला.

या विद्येचे आपल्याशीही नाते आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतातल्या भाषांच्या पाहणीतला 1905 चा मराठीचा खंड तयार केला तो स्टेन कोनो या नॉर्वेजियन विद्वानाने. पुढे अ. मा. घाटगे यांनी 1960 च्या दशकात मराठी बोलींच्या पाहणीचे खंड सिद्ध केले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजने अलीकडे गावोगावचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. तरीही आपल्या वर्गात अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला ‘अशुद्ध’ म्हणून गप्प बसवले जाते, आणि तेच मूल इंग्रजी बोलू लागले की उच्चारावरून पुन्हा हसले जाते. दोन्ही वेळा त्याचे तोंड बंद करणारी समजूत एकच. ती समजूत मोडायची असेल तर आपल्या विद्यापीठांतल्या इंग्रजी विभागांनी आणि मराठी बोलींच्या अभ्यासकांनी एका सभेत बसावे, आणि व्हेंकरप्रमाणे खेड्यातल्या शिक्षकालाही त्या कामात घ्यावे. घरच्या बोलण्याबद्दल लाज न बाळगता वाढलेले मूल प्रमाण मराठीही शिकेल आणि इंग्रजीही. नॉर्वेने हे शंभराहून अधिक वर्षे करून दाखवले आहे.