नकाशावरची कोरी जागा



हल्ली शहराबद्दल बोलणारे फार वाढलेत. पाचोऱ्याच्या स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर उभं राहा. रस्ता, पूल, पाणी, अतिक्रमण, हेच कानावर येतं. आपलीच पोरं पुण्याच्या मेट्रोवर नि मुंबईच्या कोस्टल रोडवर तासतास भांडतात. भांडू द्या. शहर हा नुसता बिल्डरच्या नि पुढाऱ्याच्या तोंडचा विषय राहिला नाही, हे बरंच झालं.

पण एक हिशोब कुणी मांडत नाही. बोलणारे वाढले, त्यात आपण किती? शहर झाडणारे आपण. गटारीत उतरणारे आपण. स्लॅब पडताना घमेली वाहणारे आपण. शहराचा विचार करायला मंडळी बसली की मात्र खुर्च्या त्यांच्या, नि आपण सतरंज्या उचलायला. असं का? हा अंक तेवढ्यासाठी काढलाय.

आधी घराजवळची गोष्ट. पाचोऱ्याहून मुंबईकडं निघालं की पहिलं मोठं स्टेशन चाळीसगाव. २३ ऑक्टोबर १९२९ ला धुळ्याहून परतताना बाबासाहेब तिथं थांबले. वस्तीतल्या लोकांचा आग्रह होता. माणूस बॅरिस्टर, मुंबईच्या कायदेमंडळाचा सभासद. पण त्यांना बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, हाकायला बसला आपल्यातलाच एक. त्याला बिचाऱ्याला सवय नव्हती. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पाय मोडला. ही जातीची गोष्ट आहेच. पण ती शहराचीही आहे. स्टेशन होतं, रस्ता होता, पूल होता, टांगा होता. सगळी सोय होती. ती कुणासाठी, हे ठरवणाऱ्यांत आपण नव्हतो.

दुसरी गोष्ट महाडची. चवदार तळं आपल्या प्रत्येक भाषणात येतं, पण त्यातली नगरपालिका आपण विसरतो. १९२३ मध्ये रावबहादूर बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात पास झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा म्हणून. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं तसा ठराव केला. झालं, कागद दप्तरात गेला. तळ्याचं पाणी होतं तिथंच राहिलं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले, पाणी प्याले, तेव्हा कुठं त्या ठरावात जीव आला. जीव आला तसा त्याच नगरपालिकेनं त्याच वर्षी ऑगस्टात ठराव फिरवला. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १९३७ चा मार्च उजाडला.

म्हणजे आपल्या चळवळीचा एवढा मोठा लढा नगरपालिकेच्या ठरावावरून पेटला. ठराव करायचा, दाबून ठेवायचा, अंगाशी आला की फिरवायचा. शहर आजही असंच चालतं.

आता आजचं बघा. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. लोकसंख्येच्या प्रमाणात आपल्याला राखीव जागा मिळाल्या, बायांनाही मिळाल्या. प्रभाग समित्या सक्तीच्या झाल्या, पण तीन लाख नि त्यावरच्या लोकसंख्येच्या शहरांना. पाचोरा त्याच्या कितीतरी खाली. २००९ मध्ये महाराष्ट्रानं शहरांसाठी क्षेत्रसभेचा कायदा केला. खेड्यात ग्रामसभा तशी शहरात क्षेत्रसभा, मतदान केंद्राच्या भागातल्या सगळ्या मतदारांची. तुमच्या गल्लीत एक तरी झाली का? आणि डिसेंबर २०२५ मध्ये मतदान होईपर्यंत राज्यातल्या नगरपालिकांवर वर्षानुवर्षं प्रशासक बसले होते. आता नगरसेवक आलेत. राखीव जागेवर आपली माणसंही आलीत. ती सभेत तोंड उघडतात की नुसता हात वर करतात, हे बघायला आपल्यातलं कोण जातं?

मी मुंबईत गोदीत कंत्राटावर माल उतरवतो. मॅट्रिकपुढं शिकलो नाही, पण धक्क्यावर एक गोष्ट शिकलो. पेटीवर पत्ता लिहिलेला असला की ती जाते. जिच्यावर काही लिहिलेलं नाही ती पावसात पडून सडते. तिला कुणी वाली नसतो. मुंबईच्या विकास आराखड्यात आपल्या वस्त्या अशाच बिनपत्त्याच्या पेट्या झाल्या होत्या. २०११ च्या जनगणनेत या शहरातली शंभरातली चाळीसहून जास्त माणसं झोपडपट्टीत निघाली. तरी वस्तीच्या आतली शाळा, नळ, संडास, दवाखाना यांचा आराखड्यात विचारच नाही, ही तक्रार वस्त्यांत काम करणाऱ्यांनी लावून धरली. फेब्रुवारी २०१५ मध्ये आराखडा जाहीर झाला नि त्यावर पन्नास हजारांहून जास्त हरकती-सूचना पडल्या. एप्रिलात मुख्यमंत्र्यांना सांगावं लागलं, हा बाजूला ठेवा, नव्यानं करा. २०१८ मध्ये दुसरा आराखडा लागू झाला. त्यानं सगळं आलबेल झालं असं नाही. पण एवढं कळलं की कागदाला कागदानं अडवता येतं, फक्त कागद ढिगानं पाहिजेत.

हा हक्क मुंबईपुरता नाही. १९६६ चा नगररचनेचा कायदा नगरपालिकेच्या गावालाही लागू आहे. आराखडा जाहीर झाला की ठरलेल्या मुदतीत कुणालाही हरकत घेता येते. मागं एका तालुक्याच्या गावी, नाव सांगत नाही, आम्ही चौघं नकाशा बघायला कचेरीत गेलो. बाबू म्हणाला, तुमची जमीन किती? आम्ही म्हणालो, जमीन नाही, राहतो. तो म्हणाला, मग तुमचं काय काम? परत आलो. वस्तीतली म्हातारी म्हणाली, "आपले कोन इचारस रे भो?" बाबूपेक्षा हे वाक्य जास्त लागलं. बाबू आपल्याला दारातून परत पाठवतो. हे वाक्य आपल्याला घरातून बाहेरच पडू देत नाही.

पण आपल्याला बोलता येत नाही, हे खोटं. आपली पीजे आठवा. पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी २०२० च्या टाळेबंदीत थांबली, नि गाव बोलायला लागलं. त्या डब्यात भाजीवाली बसायची, मजूर बसायचा, शाळेचं पोरगं बसायचं. म्हणून आपणही बोललो. तिथं कुणी जमीन विचारली नाही. मग आपल्या गटारीबद्दल फक्त आपल्याच वस्तीनं का बोलावं? आणि गावाच्या रस्त्याबद्दल, तळ्याबद्दल, बाजाराच्या जागेबद्दल आपण का बोलू नये? जयंतीच्या मिरवणुकीच्या परवानगीसाठी आपण कचेरीत शंभर जण जातो. नळासाठी चार. हे आपलंच दुखणं आहे, त्याला मनुवादी जबाबदार नाहीत.

तेव्हा कामाला लागा. आपल्या गल्लीचा नकाशा स्वतः काढा. नळ किती, ते किती वाजता येतात, संडास किती, गटार कुठं तुंबते, दिवा कुठला बंद. पाणी बाया भरतात, म्हणून आधी त्यांना विचारा. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका, वस्तीसाठी झालेल्या ठरावांच्या नकला मागा, ३० दिवस मोजा. नगरसेवकाला लेखी विचारा, क्षेत्रसभा कधी? आराखडा निघाला की घराघरातून हरकत द्या, पोच घेतल्याशिवाय हलू नका.

महाडचा ठराव माणसं तळ्यापर्यंत चालत गेली म्हणून जिवंत झाला. आपल्या वस्तीचेही ठराव कुठल्या तरी कपाटात पडले असतील. ते बाहेर काढायला आपल्यालाच जावं लागणार.

पुढच्या अंकासाठी कविता थोड्या कमी पाठवा. मी कवी असून सांगतो. आम्हाला तुमच्या गल्लीचे नकाशे पाहिजेत. पेन्सिलीनं काढलेले, वाकडेतिकडे, कसेही. पानं आम्ही कोरी ठेवलीत.

जयभीम.