आधी पातं बघा, मग गवत कापा

पावसाळा ओसरला की बागा, शाळांची मैदानं आणि मोठ्या सोसायट्यांमध्ये गवत कापायची मोठी, बसून चालवायची मशिनं बाहेर निघतात. इंजिनाचं ऑइल बदललं जातं, टायरात हवा भरली जाते. डेकखालच्या पात्यांकडे मात्र क्वचितच कोणी बघतं. गवत कापलं जातंय ना, मग झालं! ही सवय मोडायला हवी. पात्यांची तपासणी हा देखभालीच्या कंत्राटातला सक्तीचा भाग व्हायला हवा.

पातं बोथट झालंय का, हे गवतच सांगतं. कापणीच्या दुसऱ्या दिवशी खाली बसून एखादी पात हातात घ्यावी. चांगल्या धारेने कापलेलं टोक सरळ आणि हिरवं असतं. बोथट पातं गवत ओरबाडतं; टोकाचे तंतू सुटतात, ते आधी पांढुरके आणि मग तपकिरी होतात. सगळी हिरवळ करपल्यासारखी दिसू लागते. माळी बिचारा पाणी वाढवतो, खत टाकतो आणि दुखणं डेकखाली तसंच राहतं.

1830 साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग यांनी पहिलं लॉनमोअर घडवलं, ते कापड गिरणीतल्या लोकरीचे तंतू छाटणाऱ्या यंत्रावरून. त्याची फिरती पाती खालच्या स्थिर पट्टीशी कात्रीसारखी जुळत. क्रिकेटच्या मैदानांवर आजही ही पद्धत दिसते. बसून चालवायच्या बहुतेक मशिनांत मात्र आडवी पाती निव्वळ वेगाच्या जोरावर गवत छाटतात. मिनिटाला 3000 फेरे घेणाऱ्या 53 सेंटिमीटर लांबीच्या पात्याचं टोक ताशी सुमारे 300 किलोमीटर वेगाने फिरतं. पाच-सहा फुटी डेकखाली अशी तीन पाती असतात.

म्हणून नुसती धार बघून भागत नाही. पात्याचं टोक जिथे वर वळतं, तिथे माती-वाळू घासून लोखंड झिजतं, पातळ होतं, मग चीर पडते. असं पातं त्याच दिवशी बाद करायचं. वाकलेलं पातं ठोकून सरळ करणं किंवा तडा वेल्डिंगने सांधणं हा तर जिवाशी खेळ आहे. वेल्डिंगने पोलादाचं पाणी उतरतं; तुकडा सुटला तर तो कुठे जाईल याचा नेम नाही.

तपासणीआधी इंजिन बंद, चावी खिशात, स्पार्क प्लगची वायर काढलेली, पाती पूर्ण थांबलेली. मशिन उचलायचं तर खाली भक्कम आधार हवाच, नुसत्या जॅकवर विसंबून आत हात घालू नये. धार लावताना मूळ कोन राखावा, ग्राइंडरखाली कड निळी पडू देऊ नये. मग मधल्या भोकातून पातं भिंतीतल्या खिळ्यावर अडकवावं. एक बाजू खाली झुकली, तर तिकडचं लोखंड थोडं घासावं. तोल बिघडलेलं पातं मशिनला थरथरवतं आणि बेअरिंग खातं.

हे काम माळ्याने जेवणाच्या सुट्टीत उरकावं, अशी अपेक्षा अनेक ठिकाणी असते. ती अन्यायाची आहे. मशिन घेतानाच पात्यांचा जादा संच आणि योग्य पाने मागून घ्यावेत, तपासणीचा वेळ पगारात धरावा, प्रत्येक तपासणीची वहीत नोंद व्हावी. आणि थरथर जाणवली म्हणून चालकाने मशिन थांबवलं, तर त्याची त्या दिवसाची हजेरी कापली जाणार नाही, हे कंत्राटात स्पष्ट लिहिलेलं असावं.