पिला हाउस

मागच्या महिन्यात मुंबईला जाणं झालं. ग्रँट रोडला टॅक्सीवाल्याला 'पिला हाउस' म्हटलं, तर त्यानं आरशातून मला नीट न्याहाळलं. पांढरे केस, हातात कापडी पिशवी... हा बाबा तिकडे कशाला, असं वाटलं असणार. शेजारीच कामाठीपुरा ना!

'पिला हाउस' म्हणजे मुळात 'प्ले हाउस'. नाटकघर. लोकांच्या तोंडी घासून घासून असं झालेलं नाव. या भागातलं पहिलं नाटकघर १८४६ सालचं, ग्रँट रोड थिएटर. जागा दिली नाना शंकरशेटांनी. त्याआधी साहेबांचं थिएटर कोटात होतं, बंदराच्या जवळ, आज हॉर्निमन सर्कल आहे त्या बाजूला. ते कर्जापायी १८३५ मध्ये लिलावात गेलं. नवं झालं ते कोटाबाहेर, लांब. साहेबमंडळी एवढ्या दूर फारशी फिरकेनात. मग ते आपल्या लोकांच्या हाती आलं!

इकडे सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं ते राजेसाहेबांच्या आश्रयानं. चिंतामणराव १८५१ मध्ये गेले आणि तो आधार तुटला. मंडळी फिरतीवर निघाली, १८५३ साली मुंबईत आली आणि याच ग्रँट रोड थिएटरात खेळ केले. तिकीट लावून! त्याच साली तिथे पारशी मंडळींची नाटकंही सुरू झाली.

माझ्या मते मराठी नाटक सांगलीत जन्मलं खरं, पण स्वतःच्या पायावर उभं राहिलं ते इथे. आमच्या मलकापुरात जिनिंगच्या आवारात कनाती लावून नाटकं व्हायची. आयोजक वडिलांच्या ओळखीचे, "असेच या हो" म्हणायचे. वडील मात्र रांगेत उभे राहून आमची सगळ्यांची तिकिटं काढत. तेव्हा मला त्यांचा राग यायचा. चार तिकिटांच्या पैशांत केवढी भजी आली असती! आता कळतं.

दर ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनाची भाषणं होतात, सांगलीचं नाव निघतं. निघायलाच हवं. पण ग्रँट रोडचं नाव घेताना आपण का कचरतो? नाटकघर गेलं, वस्ती बदनाम झाली, म्हणून? ज्या वस्तीनं निदान नाव तरी जपलं, मोडकंतोडकं का होईना, तिच्यापेक्षा आपण नाट्यप्रेमी मंडळी ती काय मोठी? एखाद्या चौकात भाव्यांच्या आणि नानांच्या नावाची एक पाटी लावायला असा कितीसा खर्च येतो? मी तासभर हिंडलो, मला तरी दिसली नाही.

पुढच्या खेपेला सौ.ला सोबत नेणार आहे. ती म्हणते, "तिथे बघायला आहे तरी काय?"

काही नाही, म्हटलं. तरी चल.