फॉरवर्ड केलं, पण शोधलं का?

‘मुलगा हरवला आहे. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.’ खाली फोटो. तारीख नाही, गाव नाही, पोलीस ठाण्याचं नाव नाही. तरी आपण ते दोन सेकंदांत पुढे ढकलतो आणि पुण्य कमावल्यासारखे रील्सकडे वळतो. याला मदत म्हणू नका.

खातरजमा न करता ढकलायची ही सवय कुठवर जाते? १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागायला आलेली माणसं होती ती. त्याच वर्षी देशभर फिरलेला अपहरणाचा एक व्हिडिओ तर कराचीत बनलेली जनजागृतीची फिल्म होती. कुणीतरी शेवट कापला, बाकीच्यांनी फक्त पुढे पाठवला.

मग पाठवायचंच नाही? पाठवा की! पण आधी तारीख बघा, दिलेल्या ठाण्यात फोन लावून खात्री करा, त्या भागातल्या ग्रुपवर टाका. आपल्याच घरचं कुणी हरवलं तर चोवीस तास थांबू नका. आधी तक्रार, मग पोस्ट. मूल असेल तर १०९८ लावा.

आणि माणूस सापडला की पोस्ट काढा, जिथे पाठवली तिथे ‘सापडला’ असं कळवा. घरी परतलेल्या मुलीचा फोटो वर्षानुवर्षं का फिरावा? तेवढं करणार नसाल, तर तो मेसेज तुमच्यापाशीच थांबू द्या.