जुन्या ट्रकचे ‘खरे’ इंजिन कोणते?

१/ अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकांतील पिकअप ट्रक विक्रीस निघतो, तेव्हा एक प्रश्न हमखास विचारला जातो : इंजिन मूळचेच आहे का? इंजिनावर कोरलेला क्रमांक चासीच्या क्रमांकाशी जुळला, की किंमत चढते. न जुळल्यास तोच ट्रक संग्राहकांच्या लेखी बाटलेला ठरतो. हा प्रश्न बाजाराला शोभणारा आहे. इतिहासाने मात्र तो जसाच्या तसा उचलू नये.

२/ यातील सर्वांत मोठा ‘अपराध’ म्हणजे जुन्या ट्रकमध्ये बसवलेले ‘बिग ब्लॉक’ इंजिन. त्याची पार्श्वभूमी अशी. शेव्हरोलेने १९५५ साली २६५ घनइंचांचे व्ही-८ इंजिन आणले. ते आटोपशीर व स्वस्त होते. पण मोटारी वर्षागणिक जड होत गेल्या आणि ट्रकांवरचा बोजाही वाढत गेला. १९५८ च्या मॉडेलवर्षी शेव्हरोले, फोर्ड आणि क्रायस्लर या तिघांनीही अधिक मोठ्या ठोकळ्याची नवी इंजिने बाजारात आणली.

३/ मोठेपणा केवळ घनइंचांचा नव्हता, ठोकळ्याची मापेच वेगळी होती. शेव्हरोलेच्या लहान इंजिनात शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यांतले अंतर ४.४ इंच आहे. १९६५ च्या ३९६ घनइंची बिग ब्लॉकमध्ये ते ४.८४ इंच झाले. त्या जागेतच पुढील वाढ सामावली होती : १९६६ साली ४२७ आणि १९७० साली ४५४ घनइंच, म्हणजे सुमारे ७.४ लिटर. फोर्डचे ४६० आणि क्रायस्लरचे ४४० ही त्यांचीच समकालीन भावंडे.

४/ शेव्हरोलेच्या पिकअपमध्ये ३९६ चे इंजिन १९६८ पासून मागवता येत असे. परंतु शेतकरी, सुतार वा नळकाम करणारा ट्रक घेतो तो पोटासाठी. बहुतेकांनी सहा सिलिंडरांचे किंवा लहान व्ही-८ इंजिनच पसंत केले. म्हणजे कारखान्याच्या नोंदीतले ‘मूळ इंजिन’ अनेकदा मालकाच्या इच्छेपेक्षा त्याच्या खिशाचा पुरावा असते.

५/ मग वारे फिरले. १९७० चा स्वच्छ हवा कायदा, १९७१ च्या मॉडेलांपासून उतरवलेले संपीडन गुणोत्तर, ऑक्टोबर १९७३ ची अरब तेलबंदी आणि १९७८ च्या मॉडेलांपासून लागू झालेले सरासरी इंधनक्षमतेचे बंधन. शेव्हरोलेच्या मोटारींतून ४५४ चे इंजिन १९७६ नंतर गेले. कॅडिलॅकच्या ५०० घनइंची, म्हणजे ८.२ लिटरच्या इंजिनाचेही तेच शेवटचे वर्ष.

६/ ट्रकांना नियम सैल होते. फोर्डने १९७५ साली एफ-१५० आणला, तो एकूण वजनाची ६,००० पौंडांची मर्यादा किंचित ओलांडून. त्यामुळे त्याला उत्प्रेरक परिवर्तक बसवण्याची सक्ती उरली नाही. मोटारींतून हद्दपार झालेली मोठी इंजिने ट्रकांच्या आश्रयाने जगली. फोर्डचे ४६० चे इंजिन तर १९९७ पर्यंत ट्रकांत मिळत होते.

७/ इंजिन-बदलाचे आर्थिक मूळ येथे आहे. मोठ्या सेडान गाड्या पेट्रोलच्या खर्चाने किंवा पत्रा गंजल्याने भंगारात आल्या, पण त्यांची इंजिने धडधाकट होती. उलट, दहा-पंधरा वर्षांच्या पिकअपची चासी दणकट, पण इंजिन दमलेले. एकाचे धड आणि दुसऱ्याचे काळीज भंगारवाड्यात भेटले. नवा ट्रक न परवडणाऱ्याला ट्रेलर ओढण्याइतकी ताकद थोडक्या पैशांत मिळाली. याला निव्वळ हौस म्हणणे अन्यायाचे आहे.

८/ हे काम वाटते तितके अडाणीही नाही. इंजिनाच्या मागे गिअरबॉक्स बसतो तो ठरावीक बोल्टांच्या रचनेवर. शेव्हरोलेच्या लहान व मोठ्या व्ही-८ इंजिनांची ही रचना एकच आहे. ब्यूक, ओल्ड्समोबाइल, पाँटिअ‍ॅक व कॅडिलॅक यांची रचना वेगळी. फोर्डमध्ये तर स्वतःच्याच इंजिनकुळांचे एकमेकांशी जमत नाही. म्हणून जाणते मेकॅनिक इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच गाडीतून, जोडीनेच उतरवतात.

९/ जोडीचे महत्त्व बोल्टांपुरते नाही. ४५४ च्या इंजिनाचा तोल बाहेरून, म्हणजे पुढच्या डॅम्परमध्ये व मागच्या फ्लायव्हीलमध्ये वजन ठेवून साधलेला असतो. त्याला ३९६ किंवा ४२७ चे फ्लायव्हील लावले, तर इंजिन थरथरून स्वतःचेच बेअरिंग खाते. क्रायस्लरचे ७२७ (१९६२), जनरल मोटर्सचे टर्बो-४०० (१९६४) आणि फोर्डचे सी-६ (१९६६) हे स्वयंचलित गिअरबॉक्स अशा इंजिनांची ताकद पेलणारे म्हणून आजही शोधले जातात.

१०/ त्यापुढे बदलांची साखळी सुरू होते. ओतीव लोखंडाचे वजन वाढले की पुढच्या स्प्रिंगा बदलाव्या लागतात. उष्णता वाढली की रेडिएटर, गिअरबॉक्सची लांबी बदलली की मागे जाणारा शाफ्ट, वेग वाढला की ब्रेक. जुन्या ड्रम ब्रेकांवर बिग ब्लॉक चालवणारा शूर नव्हे, बेजबाबदार असतो. चांगला बदल संपूर्ण वाहनाचा विचार करतो, म्हणूनच ती कारागिरी आहे आणि इतिहासाचा विषयही.

११/ ही परंपरा जुनी आहे. फोर्डचे स्वस्त व्ही-८ इंजिन १९३२ साली आले आणि थोड्याच काळात ते त्याआधीच्या हलक्या फोर्ड गाड्यांत दिसू लागले. कॅलिफोर्नियातील कोरड्या तलावांवर अशा गाड्या पळवणाऱ्या तरुणांच्या क्लबांनी १९३७ मध्ये आपली संघटना उभारली. खुद्द फोर्डचे विक्रेतेही दमलेले इंजिन घेऊन दुरुस्त केलेले दुसरे बसवून देत. तेव्हा क्रमांक जुळत नाही म्हणून कुणी हळहळले नाही.

१२/ शिवाय ‘मूळ’ हा शब्द कारखान्यानेही फार काटेकोरपणे पाळला नाही. १९७० साली शेव्हरोलेने ३९६ च्या सिलिंडरांचा व्यास वाढवला आणि इंजिन ४०२ घनइंचांचे झाले. तरी शेव्हेल एसएस या गाडीवर ३९६ हाच आकडा राहिला, कारण त्या आकड्याला नाव होते.

१३/ विरोधकांचा एक आक्षेप मात्र खरा आहे. कारखान्यातून जसा निघाला तसाच उरलेला ट्रक हा दस्तऐवज आहे, आणि दस्तऐवज एकदा खोडला की पुन्हा लिहिता येत नाही. असे अस्पर्शित नमुने राखलेच पाहिजेत. पण ज्याचे इंजिन कधीच निकामी झाले, त्या ट्रकला हा नियम लावण्यात अर्थ नाही. उलट, जुळत्या क्रमांकांच्या हव्यासातूनच क्रमांक घासून नवे कोरण्याचा धंदा निघाला. उघड बदल इतिहास झाकत नाही. बनावट क्रमांक झाकतो.

१४/ धुराचा प्रश्नही टाळता येणार नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे धोरण असे, की बदलानंतरचे वाहन चासीच्या वर्षाच्या किंवा त्यानंतरच्या एखाद्या प्रमाणित रचनेशी जुळले पाहिजे. कॅलिफोर्नियात १९७५ व त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धूरतपासणीतून सूट आहे. बदलाला सरसकट बंदी न घालता त्याला अटी घालणारी ही दृष्टी शहाणपणाची आहे.

१५/ भारताने वेगळी वाट धरली. जुलै २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी वाहन ५० वर्षांहून जुने तर हवेच, शिवाय मूळ स्वरूपातही हवे. चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल चालत नाही. आता आपल्याकडची स्थिती आठवावी. पेट्रोल परवडेना म्हणून कितीतरी जीपगाड्यांना डिझेल इंजिने बसली. त्या जीपगाड्यांनी घाट चढले, ऊस वाहिला, वऱ्हाडे पोहोचवली. नियमाच्या व्याख्येत त्यांना जागा नाही. संस्थानिकांच्या गॅरेजात झाकून ठेवलेली मोटार वारसा ठरते आणि राबलेली जीप ठरत नाही.

१६/ उपाय साधा आहे. बदल करणाऱ्याने नोंद ठेवावी : काढलेल्या इंजिनाचा क्रमांक, नवे इंजिन कोणत्या गाडीतले व कोणत्या सालचे, काम कुणी व का केले, आणि भंगारवाल्याची पावती. नोंदणीच्या नियमांतही ‘मूळ’ या वर्गाशेजारी ‘नोंद असलेला जुना बदल’ असा वर्ग असावा. घराण्याच्या इतिहासात दत्तकविधानाची नोंद असते. त्याने वंशावळ खोटी ठरत नाही.

१७/ ट्रक कारखान्यात एका दिवसात तयार होतो आणि रस्त्यावर चाळीस-पन्नास वर्षे जगतो. क्रमांक त्या पहिल्या दिवसाची साक्ष देतो. उरलेल्या वर्षांची साक्ष वेल्डिंगच्या खुणा, बदललेले माउंट आणि दुसऱ्या गाडीतून आलेले इंजिन देतात. इतिहासकाराला दोन्ही साक्षी ऐकाव्या लागतात.