आधी गाऱ्हाणे, मग आरती



अलीकडे सप्ताहात, फडावर, दशक्रियेच्या घाटावर एक वाक्य वारंवार कानी येते. ज्याच्या मुखी नाम आहे त्याला दुःख शिवत नाही. आणि ज्याचे मन खचते त्याची भक्तीच कच्ची. वाक्य आले की टाळ्या पडतात. बोलणारा तरुण असतो, आवाज खणखणीत असतो, पाठांतर चोख असते. त्याच्या आवाजाबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार त्या वाक्याबद्दल आहे, आणि ते संतांच्या नावावर खपवले जाते याबद्दल आहे. पंचेचाळीस वर्षे नारदांच्या गादीवर उभा राहिलो, आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून श्रोत्यांत बसतो. गादीवरून दिसत नाही ते इथून दिसते. ते वाक्य आले की पुढच्या ओळीतले माना डोलावतात, आणि मागे खांबाला टेकून बसलेला एखादा मान खाली घालतो.

दोन वर्षांमागे एका गावी दशक्रियेला गेलो होतो. घरच्या कर्त्या माणसाने आपले आयुष्य आपणच संपवले होते. समोर बायको, दोन लेकरे, म्हातारी आई. प्रवचनाला बोलावलेल्या बुवांनी पाऊण तास आत्महत्या हे केवढे महापाप, अशा जिवाला कोणती गती मिळते, याचे रसाळ वर्णन केले. मग पाकीट घेतले आणि गाडीत बसून पुढच्या गावी गेले, तिथे दुसरी दशक्रिया होती. लेकरांनी काय ऐकले? बाप गेला, आणि वर तो पापीही होता. हे ज्ञान कोणाच्या कामाचे? गेला त्याला ते ऐकू येत नाही. राहिले त्यांना ते जन्मभर पुरते. आणि त्या गर्दीत त्याच वाटेवर मनाने चालणारा दुसरा कोणी बसला असेल, तर त्याने त्या दिवशी एवढेच शिकून घेतले की आपल्या पोटातले कोणाला सांगायचे नाही.

आता शास्त्राने बोलू. पूर्वपक्ष असा की, भगवंतांनीही रडणाऱ्या अर्जुनाला फटकारलेच आहे. हे दौर्बल्य तुला शोभत नाही असे स्पष्ट बजावले आहे. मग आम्ही श्रोत्यांना बजावले तर बिघडले कुठे?

बिघडले ते असे. पहिल्या अध्यायाचे नाव काय? अर्जुनविषादयोग. विषादाला योग म्हटले आहे. त्या अध्यायात अर्जुन काय सांगतो ते नीट वाचा. अंग कापते, तोंड कोरडे पडते, धनुष्य हातातून गळते, त्वचेचा दाह होतो, उभे राहवत नाही, मन भोवंडते. आज एखादा शेतकरी दवाखान्यात जाऊन हेच सांगतो. आणि तो बोलत असताना भगवंत काय करतात? गप्प राहतात. त्या साऱ्या अध्यायात त्यांच्या तोंडी एकच छोटे वाक्य आहे, तेही अर्जुनाचे रडणे सुरू होण्याच्या आधीचे. बाकी सगळे ते ऐकून घेतात. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी दोन श्लोकांत कानउघाडणी करतात, हे खरे. पण पुढे काय झाले, हे आमचे बुवा सांगत नाहीत. ती कानउघाडणी लागू पडली नाही! अर्जुन पुन्हा बोलला, मी तुला शरण आहे म्हणाला, आणि मी लढणार नाही म्हणून पुन्हा गप्प बसला. मग भगवंतांनी हसतमुखाने बोलायला सुरुवात केली ती अठराव्या अध्यायापर्यंत, आणि मध्ये मध्ये त्याचे सगळे प्रश्न ऐकले. दोन श्लोकांच्या रागावण्याने मन सावरत असते तर सातशे श्लोकांची गरज पडली नसती आणि माऊलींना नऊ हजार ओव्या सांगाव्या लागल्या नसत्या. ज्याला फक्त रागावणे तेवढे घ्यायचे आहे आणि पुढचे सतरा अध्याय सारथी होऊन जवळ बसायचे नाही, त्याने गीतेचा आधार घेऊ नये.

दुसरे प्रमाण आपल्या घरचे. तुकोबारायांनी आपली हकिकत स्वतः सांगून ठेवली आहे. दुष्काळाने द्रव्य नेले, मान गेला, बायको अन्नान्न करीत गेली, धंदा बसला, लोकांत तोंड दाखवायची लाज वाटू लागली. संत होते म्हणून त्यांनी यातले काही झाकले नाही. दुःखातून ते कसे सावरत गेले तेही क्रमाने सांगितले आहे, आणि तो क्रम फार महत्त्वाचा आहे. मोडकळीस आलेले देऊळ नीट करावे असे मनात आले, म्हणजे हाताला काम लागले. एकादशीला कीर्तन करू लागले, पण आरंभी अभ्यासात चित्त नव्हते, हेही मोकळेपणाने सांगतात. मग संतांची वचने विश्वासाने पाठ केली. आणि पुढे गाणाऱ्याच्या मागे उभे राहून धृपद धरले. पाहा, जगद्गुरू मागच्या ओळीत उभे आहेत आणि दुसऱ्याचे शब्द म्हणत आहेत. नामदेवराय पांडुरंगासह स्वप्नात येऊन कवित्व कर म्हणाले ते त्यानंतर. खचलेल्या माणसाला आधी स्वतःचे शब्द सापडत नसतात. त्याला दुसऱ्याच्या आवाजात आपला आवाज मिसळायला जागा लागते. ती जागा म्हणजे धृपद. आपल्या पंथाने ती सगळ्यांना फुकट दिली होती.

दुःख होतच नाही म्हणणाऱ्यांनी आळंदीचा समाधीप्रसंग तरी आठवावा. शके १२१८, कार्तिक वद्य त्रयोदशी. नामदेवरायांनी त्या दिवसाचे जे वर्णन केले आहे त्यात निवृत्तिनाथांचा शोक आहे. ते ज्ञानदेवांचे गुरू. ब्रह्मज्ञान त्यांच्याकडूनच पुढे गेले. तरी भाऊ जातो म्हणून ते कळवळले, आणि भोवतीच्या संतांनी त्यांना तुमचे ज्ञान कच्चे असे म्हटल्याचे कुठे ऐकले आहे का?

आणि ताटीचा प्रसंग. लोकांच्या बोलण्याने मन दुखावून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले. मुक्ताईने उपदेश केला, नाही असे नाही. वयाने धाकटी असून मोठ्या भावाला चार गोष्टी ऐकवल्या. पण त्या दाराशी उभे राहून ऐकवल्या, ताटी उघडेपर्यंत उभे राहून. गाडी बाहेर चालू ठेवून नव्हे.

ज्यांनी ज्ञानोबारायांच्या पालखीची समाजआरती पाहिली आहे त्यांना मी पुढे सांगतो ते ठाऊक आहे; पण रोज पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ आपण विसरतो. संध्याकाळी पालखी तळावर येते, दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळमृदंगाचा गजर असतो. चोपदार दंड उंच करतात आणि एवढा मोठा समाज क्षणात शांत होतो. पण ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल ती टाळ वाजवीत राहते. चोपदार त्या दिंडीकडे जातात, तक्रार ऐकतात, वाट काढतात. मग हरवले-सापडलेले पुकारतात. कोणाची पिशवी, कोणाचा चष्मा. दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगतात. हे सगळे झाल्यावर आरती. माऊलींची आरती तक्रारीसाठी थांबते! ज्या पंथाची रीत अशी आहे, त्या पंथाच्या गादीवरून गाऱ्हाणे मांडणाऱ्याला अभक्त ठरवायचे, हा उद्योग कोठून आला, हे मला समजत नाही.

थोडेसे समजतेही. कीर्तन ऐकण्याची वस्तू झाली तेव्हापासून हे सुरू झाले. पूर्वी गावच्या सप्ताहात वीणेचे पहारे लावीत. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. दोन-दोन तास आळीपाळीने गावकरी घेणार. ज्याला सा कळत नाही असा माणूसही वीणा गळ्यात घालून पहाटे दोन ते चार उभा राही, आणि त्या वेळी साऱ्या गावाचा सप्ताह त्याच्या एकट्यावर असे. विधुर, कर्जबाजारी, मुलाशी अबोला धरलेला म्हातारा, असे कितीजण मी त्या पहाऱ्याला उभे असलेले पाहिले आहेत. कोणी त्यांना काही विचारीत नसे. पहाऱ्याचा जोडीदार मात्र वेळेवर येई, चहा आणी. आता पुष्कळ ठिकाणी टाळकरी बाहेरून बिदागी देऊन आणतात, ध्वनिक्षेपकाच्या भिंती उभ्या करतात, आणि गावकरी खुर्चीवर. आवाज इतका मोठा की शेजाऱ्याने तोंड उघडले तरी त्याचे त्याला ऐकू येत नाही. हरिपाठसुद्धा पेनड्राइव्हवर. तोंड न उघडता हरिपाठ झाला, हे कोणत्या शास्त्रात बसते?

बायकांचे तर आणखी एक ठिकाण गेले. पहाटे जात्यावर बसून बाई जे बोले ते घरात दुसऱ्या कोणाशी बोलत नसे. सासुरवास, गेलेले मूल, माहेरची ओढ, सगळे ओवीत येई आणि विठ्ठलाला भाऊ म्हणून, पंढरीला माहेर म्हणून सांगितले जाई. जाते परत आणा असे मी म्हणत नाही. ज्यांनी दळले आहे त्यांच्या खांद्यांना विचारा. गिरणी आली ते बरेच झाले. पण दळणाबरोबर सांगण्याची जागाही गेली आणि बदल्यात आम्ही काही दिले नाही. महिला भजनी मंडळे निघाली, आनंद वाटला. मग त्यांच्या स्पर्धा लागल्या, परीक्षक आले, एकसारखी लुगडी आली, आणि बेसूर बाईच्या हातचा टाळ पहिल्यांदा काढून घेतला गेला. तिलाच तो सगळ्यांत जास्त हवा होता.

आणखी एक पूर्वपक्ष आहे, तो जरा सूक्ष्म आहे. संत स्वतःला पतित, हीन, अपराधी म्हणवतात. तेव्हा साधकाने स्वतःला तुच्छच मानले पाहिजे, असे काही जण सांगतात. त्यांनी संतांची नाममुद्रा पाहावी. अभंगाच्या शेवटी प्रत्येकजण आपले नाव घालतो. जनाबाई दळणकांडण घेऊन येते आणि आपले नाव नामदेवांच्या नावाशेजारी ठेवते. सावतोबांचा मळा अभंगात येतो, नरहरी सोनारांची हत्यारे येतात, सेना महाराजांचा व्यवसाय येतो. आधी कोणी दुसरे होऊन, धुऊनपुसून, मग देवापुढे उभे राहिलेले नाही. चोखोबा आणि सोयराबाई यांना तर समाजाने देवळाच्या बाहेर ठेवले. त्यांनी ते सोसणे गोड करून सांगितलेले नाही, देवाशी भांडण मांडले आहे. भांडण तोच मांडतो ज्याला आपण भांडण्याच्या योग्यतेचे आहोत असे वाटते. लेकरू आईजवळ माझे चुकले म्हणते तेव्हा ते मांडीवर बसलेले असते. त्या बोलण्यातली मांडी काढून टाकायची आणि नुसते चुकले तेवढे माणसाच्या हातात द्यायचे, हा संतांच्या वचनाचा अपहार आहे.

आता थोडे व्यवहाराचे. कीर्तनाला प्रमाण संतवचनच असावे हा दंडक मला मान्य आहे, तो मोडू नये. पण घरच्या वहीत दोन ओळी आपल्या लिहिल्या, एखादी नवी चाल बसवली, भारुडाचा वेश शिवला, वारीला जाणाऱ्यांसाठी गोधडी शिवताना तोंडाने ओवी जुळवली, तर त्याने कोणाचा अधिकार जात नाही. मन गोठले की हाताने आणि गळ्याने काहीतरी घडवीत राहणे याला मोठे औषधमूल्य आहे, हे मी अनेकांत पाहिले आहे.

आणि खऱ्या औषधाबद्दलही बोलतो, कारण या बाबतीत आमच्याच मंडळींकडून फार अनर्थ होतो. वारीत पायाला फोड आला तर आपण नाम घे म्हणून चालवत ठेवत नाही, मलमपट्टीच्या तंबूत नेतो. साखरेच्या गोळ्या घेऊन कीर्तन करणारे बुवा मला डझनाने माहीत आहेत. मग झोप उडालेल्या, जेवण तुटलेल्या, जगणे नको झालेल्या माणसाने मनाच्या डॉक्टरकडे गेले तर त्याची निष्ठा कशी ढळते? सरकारने १४४१६ हा फोन ठेवला आहे, टेली मानस म्हणतात, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. प्रत्येक भजनी मंडळाने तो क्रमांक पेटीच्या झाकणावर लिहून ठेवावा. आणि जगणे नको झाले असे कोणी बोलले, थट्टेत का होईना, तर त्याला त्या रात्री एकटे सोडू नये, उपदेश करू नये. सोबत घेऊन दवाखान्यात जावे.

गादीवर बसणाऱ्या माझ्या धाकट्या बंधूंना विनंती आहे, विनंती म्हणजे हट्टच समजा. अशा घरी दशक्रियेला जाल तेव्हा गतीचे वर्णन करू नका. गेलेला माणूस पेरणी कशी करी, वारीत कोणाचे ओझे उचली, हे आधी विचारून घ्या आणि ते सांगा. प्रवचन वीस मिनिटांत आटपा, उरलेला वेळ त्या माऊलीजवळ बसा. एका दिवशी तीन ठिकाणची आमंत्रणे घेतली तर हे होत नाही. तर तीन घेऊ नका.

आमच्या गावच्या एकादशीच्या भजनात आम्ही दोन गोष्टी सुरू केल्या आहेत. ध्वनिक्षेपक बंद केला. आणि शेवटच्या अभंगानंतर, आरतीच्या आधी, विणेकरी विचारतात की आज कोण आले नाही. ज्याचे नाव निघेल त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी दोघांनी जायचे, भजनाला का आला नाहीस असे विचारायचे नाही, चहा प्यायचा आणि परत यायचे. मार्गशीर्षापासून एक गृहस्थ पुन्हा येऊ लागले आहेत. मागे भिंतीशी बसतात, अजून तोंड उघडत नाहीत. कोणी त्यांना गा म्हणत नाही. टाळांची एक जोडी मात्र दर वेळी त्यांच्या पुढ्यात ठेवलेली असते.