सूर्य भडकला की खोडदकडे बघा

दर काही महिन्यांनी कॉलेजच्या ग्रुपवर एक मेसेज येऊन पडतो. 'आज रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाईल बंद करून अंगापासून लांब ठेवा. पृथ्वीजवळून घातक किरणं जाणार आहेत. नासानं सांगितलंय.' अलीकडे त्याला नवा भाऊ मिळालाय : 'सौरवादळ येतंय, सहा महिने इंटरनेट बंद!' मग कुणी घाबरतं, कुणी हसतं, आणि दोघंही तो पुढे ढकलतात.

मित्रांनो, जुन्नर-आंबेगावच्या पोरापोरींना खरं तर अफवा ओळखण्याची सवय आहे. उसातल्या बिबट्याचा जुना, दुसऱ्याच जिल्ह्यातला व्हिडिओ 'आत्ताच आपल्या गावात' म्हणून फिरतो, तेव्हा तुम्ही आधी विचारता, कुठला आहे, कधीचा आहे. बिबट्या खोटा नसतो, मेसेज खोटा असतो. सौरवादळाचंही अगदी तसंच आहे. ते खरं आहे. नुकसानही करतं. पण मेसेजमध्ये लिहिलेलं असतं तसं नाही.

आणि गंमत बघा. सूर्यापासून दूरच्या आकाशगंगांपर्यंत रेडिओलहरी टिपणाऱ्या जगातल्या मोठ्या दुर्बिणींपैकी एक आपल्या तालुक्यात आहे. नारायणगावजवळ खोडदला. एसटीच्या खिडकीतून तिच्या पांढऱ्या डिश दिसतात. तरी सूर्याबद्दल आपण शिकतो ते फॉरवर्डमधून. हे बदलायला हवं, आणि ते फक्त ज्ञानासाठी नाही. का, ते पुढे येईलच.

आधी सूर्याचं काय होतं ते बघू

सूर्यावर काळे डाग दिसतात. तिथलं चुंबकीय क्षेत्र फार तीव्र असतं. सूर्याचा पृष्ठभाग सतत घुसळत असल्याने या क्षेत्राच्या रेषा पिळत जातात. रबर पिळत राहिलात तर एका क्षणी तो तटकन तुटतो, तसा हा पीळ एका क्षणी सुटतो आणि साठलेली ऊर्जा प्रकाश, अतिनील किरणं, क्ष-किरण यांच्या रूपात बाहेर पडते. ही सौरज्वाला. तिची ताकद ए, बी, सी, एम आणि एक्स अशा वर्गांत मोजतात, आणि प्रत्येक वर्ग आधीच्यापेक्षा 10 पट मोठा. डागांची संख्या साधारण 11 वर्षांच्या चक्रात वाढते-घटते. सध्याच्या 25व्या चक्राचा ऐन भर आल्याचं नासा आणि नोआ या अमेरिकी संस्थांनी ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर केलं.

ज्वालेचा प्रकाश आपल्याकडे सव्वाआठ मिनिटांत पोचतो. म्हणजे ती दिसते तेव्हाच तिचा पहिला परिणाम सुरू झालेला असतो. वातावरणाच्या वरच्या भागात आयनोस्फिअर नावाचा विद्युतभारित थर आहे. क्ष-किरणांमुळे त्याचा खालचा भाग अचानक दाट होतो आणि दूरवर जाणारे शॉर्टवेव्ह रेडिओसंदेश तिथे गिळले जातात. हे फक्त दिवस असलेल्या बाजूला घडतं, आणि काही मिनिटं ते तासभर, कधी त्याहून जास्त टिकतं. समुद्रावरची विमानं आणि जहाजं याची झळ सोसतात.

कधी कधी ज्वालेबरोबर सूर्याच्या बाहेरच्या आवरणातून विद्युतभारित वायूचा अवाढव्य लोटही सुटतो. त्याला पोचायला 15-20 तासांपासून तीन दिवस लागतात. तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर येऊन आदळला की चुंबकीय वादळ होतं. 13 मार्च 1989 ला अशाच वादळाने कॅनडातल्या क्यूबेक प्रांताची वीज घालवली. सुमारे 60 लाख लोक नऊ तास अंधारात होते. फेब्रुवारी 2022 मध्ये वादळ तसं किरकोळच होतं, पण त्याने वरचं वातावरण फुगलं आणि नुकत्याच सोडलेल्या 49 स्टारलिंक उपग्रहांपैकी 38 परत खाली येऊन जळाले. मे 2024 मध्ये तर दोन दशकांतलं सर्वांत मोठं वादळ आलं. लडाखमध्ये हानलेच्या आकाशात लाल प्रकाश दिसला. अमेरिकेत मक्याच्या पेरणीचे दिवस होते. जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर ओळ चुकू लागले आणि काही शेतकऱ्यांना पेरणी थांबवावी लागली.

आपल्याकडे काय होईल?

मोबाईल उशाशी ठेवला म्हणून काहीही होणार नाही. ज्वालेतले क्ष-किरण वातावरणाच्या वरच्या थरांतच शोषले जातात, जमिनीपर्यंत पोचत नाहीत. फोनचा कॉल टॉवर आणि जमिनीखालच्या केबलमधून जातो, आयनोस्फिअरमधून नाही. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं, म्हणजे आपण ध्रुवांपासून लांब आहोत. क्यूबेकसारखं ट्रान्स्फॉर्मरवर संकट येण्याची शक्यता इथे बरीच कमी.

पण 'आपल्याला काय त्याचं' असंही म्हणता येत नाही. चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांचं आयनोस्फिअर फार चंचल असतं, विशेषतः सूर्य मावळल्यानंतर. उपग्रहाकडून येणारा जीपीएसचा संदेश त्यातूनच खाली येतो. वादळात तो डळमळला की जागा चुकते. आज तुमच्या शिवारात द्राक्षांवर, उसावर ड्रोनने फवारणी होते. टोमॅटोची गाडी नकाशा बघत रात्रीतून बाहेरच्या राज्यात जाते. यांपैकी किती गोष्टी आकाशातल्या घड्याळांवर चालतात, ते मोजून बघा.

आपल्या राज्यातली जुनी वही

आता इथून थोडं मुंबईला जाऊ, कारण या विषयातली सर्वांत मोलाची नोंद तिथे झाली. 1 सप्टेंबर 1859 ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावर एक ज्वाला प्रत्यक्ष पाहिली. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ थडकलं. युरोप-अमेरिकेतल्या तारयंत्रांच्या तारांतून ठिणग्या उडाल्या. त्या वेळी कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी हाताने लिहिल्या जात होत्या. सुई एरवीसारखी राहत नाही म्हटल्यावर नोंदी जास्त वेळा घेतल्या गेल्या. क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लाने खाली गेल्याचं त्यांत आहे. जवळपास दीडशे वर्षांनी, 2003 साली, भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी याच नोंदींवरून ते वादळ किती मोठं होतं याचा हिशेब मांडला. आजही कॅरिंग्टनच्या वादळाची चर्चा निघाली की जगभर कुलाब्याच्या आकड्यांचं नाव निघतं.

या गोष्टीला पुढचा भाग आहे आणि तो आपल्या कामाचा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विद्युतप्रवाहाने वेधशाळेची सुई बिघडली असती. तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांनी नवी जागा शोधली ती अलिबागला. लोखंड न वापरता इमारत बांधली. 1904 ला अलिबाग सुरू झालं आणि 1906 पर्यंत कुलाबा व अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, म्हणजे साखळी तुटू नये. शहराला ट्राम मिळाली आणि विज्ञानाची वहीही कोरी राहिली नाही. अलिबागची ती वेधशाळा आजही चालू आहे.

आणि आपलं खोडद

सूर्य रेडिओलहरीही सोडतो, हे 1942 साली अपघातानेच कळलं. ब्रिटिशांच्या रडारवर गोंगाट सुरू झाला. जर्मनांचा डाव असावा असं वाटलं, निघाला सूर्य. ज्वाला भडकते तेव्हा हा गोंगाट कैकपटींनी वाढतो. डिसेंबर 2006 मध्ये तो इतका वाढला की उजेडातल्या बाजूचे जीपीएस रिसीव्हर काही काळ गोंधळून गेले.

भारतात रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवातही सूर्यापासूनच झाली. गोविंद स्वरूप यांनी 1965 साली कल्याणला 32 छोट्या डिश उभारल्या. त्या ऑस्ट्रेलियातून भेट आलेल्या होत्या, आणि त्यांचं काम होतं सूर्य बघणं. त्याच माणसाने पुढे उटीची दुर्बीण बांधली आणि मग खोडदची जीएमआरटी : 45 मीटर व्यासाच्या 30 डिश, त्यातल्या 14 मध्यभागी आणि 16 तीन दिशांना, सुमारे 25 किलोमीटरच्या पसाऱ्यात. डिश पत्र्याच्या नाहीत, तारांच्या जाळीच्या आहेत. म्हणून हलक्या, म्हणून वारा आरपार जातो, म्हणून आपल्या देशाला परवडल्या.

खोडदच का? इथे माणसांनी केलेला रेडिओगोंगाट कमी होता, पुणे जवळ होतं. आणि हे ठिकाण चुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसं उत्तरेला आहे, त्यामुळे इथलं आयनोस्फिअर त्या मानाने शांत. म्हणजे जागा निवडतानाच सूर्य आणि आयनोस्फिअर यांचा विचार झाला होता. दुर्बिणीचं मुख्य काम पल्सार आणि दूरच्या आकाशगंगा हे असलं, तरी तिने सूर्यही पाहिलाय आणि तिच्या नोंदींवरून आयनोस्फिअरचाही अभ्यास झालाय.

शांततेची किंमत कोण देतं?

आता मुद्द्यावर येऊ. दुर्बिणीला शांतता लागते. चंद्रावर एखादा मोबाईल चालू ठेवला, तर रेडिओ दुर्बिणीला तो आकाशातल्या सर्वांत ठळक गोष्टींपैकी एक वाटेल, इतके क्षीण संदेश ती ऐकते. म्हणून परिसरात उद्योग आणायचा तर तिच्याकडून ना-हरकत लागते. पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगाववरून जाणारा मूळ मार्ग बाजूला पडला, त्याचं कारण म्हणूनही रेल्वेमंत्र्यांनी जीएमआरटीचंच नाव घेतलं. जुन्नर, आंबेगाव, खेडमध्ये त्याबद्दल राग आहे. तो राग चुकीचा नाही. सकाळी पुण्याला जायला चाकणच्या कोंडीत अडकणाऱ्या पोरांना 'हे देशाच्या विज्ञानासाठी आहे' एवढं सांगून भागत नाही.

पण 'दुर्बीण हलवा' हे त्याचं उत्तर नाही. कुलाब्याची सुई एका इमारतीत मावत होती, ती अलिबागला गेली. 30 डिश कुठे नेणार? आणि त्यांना लागणारी शांतता पुन्हा कुठे मिळणार? आमचं म्हणणं असं आहे : शांतता राखायलाच हवी, पण तिची किंमत एकट्या दोन-तीन तालुक्यांनी, तीही काही न विचारता, का द्यावी? रेल्वेने किती गोंगाट होईल, कुठल्या मार्गाने किती कमी होईल, आडोसा करून किंवा अंतर राखून काय साधेल, हे आकडे लोकांसमोर मराठीत मांडले गेले पाहिजेत. मूस यांनी दोन वर्षं दोन ठिकाणी मोजून मगच कुलाबा सोडलं. निर्णय मोजून होतात, मोघम कारणं देऊन नाही.

आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं. जी शांतता तुमच्या गावाने राखली, तिच्यातून आलेलं ज्ञान आधी तुमच्या हाती पडायला हवं. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, 28 फेब्रुवारीला, खोडदला प्रदर्शन भरतं. तिथे सेल्फी काढून परत येऊ नका. एक प्रश्न वहीत लिहून घेऊन जा, आणि समजेपर्यंत उत्तर सोडू नका. दुर्बिणीच्या जुन्या नोंदी ठराविक मुदतीनंतर सगळ्यांसाठी खुल्या होतात. बीएस्सीचा किंवा इंजिनिअरिंगचा प्रकल्प निवडताना गाईडला विचारा, यातलं काही आपल्याला करता येईल का. पुण्यातल्याच आयुकाने आदित्य-एल1 या सूर्ययानावरची अतिनील दुर्बीण बनवली. ते यान 2 सप्टेंबर 2023 ला निघालं आणि जानेवारी 2024 पासून पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवरून सूर्यावर नजर ठेवून आहे. या सगळ्याला फक्त भौतिकशास्त्रज्ञ लागतात असंही नाही. मोटार दुरुस्त करणारा, केबल जोडणारी, प्रोग्रॅम लिहिणारा, मराठीत नीट समजावून सांगणारी अशी सगळी माणसं लागतात.

कॉलेजच्या प्राचार्यांनाही आमचं सांगणं आहे : तालुक्यातल्या प्रत्येक विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने पदवी घेण्याआधी एकदा तरी खोडदला जाऊन, तिथल्या माणसाशी तासभर बोलून यावं, हे वेळापत्रकातच लिहून टाका. सहल म्हणून नको, तास म्हणून.

तो साडेबाराचा मेसेज पुन्हा येईल तेव्हा तो नुसता डिलीट करू नका. त्याखाली तीन ओळी लिहा : ज्वालेचे किरण वरच अडतात, कॉल केबलमधून जातो, आणि खात्री करायची असेल तर खोडद लांब नाही. रेल्वेच्या सभेत बोलायची वेळ येईल, तेव्हा हीच तीन ओळींची सवय उपयोगी पडेल. ज्याला मोजमाप विचारता येतं, त्याला मोघम उत्तर देऊन परत पाठवता येत नाही.